मानपाड्याची रानवाट

मानपाडा ह्या नांवाचीं दोन स्थळें ठाणें जिल्ह्यांत आहेत, हें आरंभींच सांगितलेलें बरें. ह्या नामसाम्यापायीं आमचे एक सोयरे मागें डोंबिवलीच्या मानपाड्यास, कल्याण-शीळ रस्त्यावर, आमची वाट पाहत तासभर उभे राहिले होते! आम्ही गेलों तें मानपाडा ठाणें शहरांतून घोडबंदराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें. 'पाडा' म्हणजे रानालगतची लहानशी वस्ती. आज मात्र माजिवडें व कापूरबावडी मागें टाकून तेथें पोहोंचलें कीं प्रथम दिसतात त्या मान वर करून पाहाव्या लागणाऱ्या इमारती. येथूनच डोंगराच्या पोटांतून थेट बोरिवलीस जाणारे जुळे बोगदे काढण्याचें ठरलें असून जुलै २०२४ मध्यें त्यांचें भूमिपूजन झालें. पण हमरस्ता सोडून पश्चिमेस वळावें, म्हणजे थोड्याच वेळांत येऊरची डोंगररांग समोर उभी राहते. शंभराहून अधिक चौरस किलोमीटर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही पूर्वेकडील कड होय.

आमचें तेथें जाणें केवळ सहलीसाठीं नव्हतें. माझी थोरली सून मानसशास्त्राची पदवीधर असून बरींच वर्षें समुपदेशनाचें काम करीत आली आहे. गेल्या दिवाळींत तिनें सर्वांसमक्ष सांगितलें कीं, बांधलेल्या पगाराची नोकरी सोडून आपण स्वतंत्र काम आरंभणार. आणि तें खोलींत बसून नव्हे, तर रानांत, डोंगरांत, माणसांना चालवून व चढवून! घरांत एकच गलका झाला. चिरंजीव गप्प बसले. मी मात्र म्हणालों, "चालण्यानें मन बरें होतें, तर मग टपालवाल्यांना कधीं दुःखच झालें नसतें!" सारे हंसले, सूनबाई हंसली नाहीं. "मामंजी, एकदां बरोबर या," ती म्हणाली, "मग काय तें बोला." अशा रीतीनें कार्तिकांतल्या एका सकाळीं ती, माझा नातू व मी असे तिघे वनखात्याच्या मानपाडा येथील निसर्ग परिचय केंद्रापाशीं येऊन उतरलों.

ऊन कोवळें होतें. सागाचीं मोठालीं पानें दंवानें भिजलेलीं होतीं. सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलणारी कारवी वाटेच्या दोन्ही अंगांस दाट उभी होती. यंदा तिला फूल नव्हतें. हमरस्त्यावरील वाहनांची घरघर थोडा वेळ पाठीस लागली व मग एका वळणावर ती थांबली, तेव्हां आतांपर्यंत आपण ती ऐकत होतों हें कळलें.

चालतां चालतां सूनबाईनें ह्या उपचाराचा इतिहास सांगितला. १९०१ सालीं न्यूयॉर्क येथील एका मोठ्या मनोरुग्णालयांत क्षयी रोग्यांचा संसर्ग इतरांना होऊं नये म्हणून त्यांना बाहेर तंबूंत ठेवण्यांत आलें. हेतु एवढाच होता. पण त्यांची प्रकृतिच नव्हे, तर वृत्तीहि सुधारलेली पाहून डॉक्टर चकित झाले. योगायोग असा कीं, आपल्या ठाण्याचें मनोरुग्णालयहि १९०१ सालचेंच. पुढें १९४१ सालीं, ऐन महायुद्धांत, कुर्ट हान नांवाच्या जर्मनींतून परागंदा झालेल्या शिक्षकानें वेल्समधील अॅबरडोव्ही येथें तरुणांसाठीं एक शाळा काढली. पाणबुड्यांनीं जहाजें बुडवलीं कीं तरुण खलाशी वृद्धांच्या आधीं धीर सोडतात, असें जहाजमालक होल्ट ह्यांचें निरीक्षण होतें. बळ असूनहि आपण टिकूं हा विश्वास त्यांना नसे; तो डोंगरावर व समुद्रावर कमवावा, ही त्या शाळेची कल्पना. आजच्या साहसोपचाराचें मूळ बव्हंशीं तेथें आहे.

आपल्याकडे ह्या दोन्ही वाटा आहेत, पण निरनिराळ्या. १९५४ पासून 'गिरिविहार'सारख्या संस्थांनीं मराठी तरुणांना कातळाची गोडी लावली. आणि १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनीं ठाण्यांतच मानसिक आरोग्याची संस्था उभारली. "ह्या दोन वाटा जेथें मिळतात, तेथें मला काम करावयाचें आहे," सूनबाई म्हणाली.

मला चरकाचार्य आठवले. औषधाचे त्रिविध प्रकार सांगतांना त्यांनीं 'सत्त्वावजय' हा तिसरा सांगितला आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणें हा त्याचा अर्थ. आणि आपल्या वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध समुपदेश तरी कोठें झाला? बंद दालनांत नव्हे, तर उघड्या मैदानांत, रथावर! सांगणारा सारथि होता. सारथि आणि रथी एकाच दिशेस पाहत असतात, ही गोष्ट इतकीं वर्षें शिकवूनहि माझ्या ध्यानीं आली नव्हती.

ती आली त्या चढावर. नातू पुढें गेला होता. वाट अरुंद, श्वास जड, लक्ष पावलांकडे. अशा वेळीं, कोणी विचारलें नसतां, मी बोलूं लागलों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. संस्कृताच्या तासास तो खिडकींतून बाहेर पाहत बसे. एके दिवशीं त्याला 'नदी' शब्द चालवितां येईना, तेव्हां मी त्याला वर्गादेखत उभें करून त्याच्या बापाच्या कष्टांवरून नको तें बोललों. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं. त्याची आई महिनोन् महिने अंथरुणास खिळली होती, हें मला मागाहून समजलें. त्याचें घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. मी गेलों नाहीं.

ही गोष्ट मी माझ्या पत्नीसहि कधीं सांगितली नव्हती. सूनबाईनें माझ्याकडे पाहिलें नाहीं, सांत्वनाचा शब्दहि काढला नाहीं. "पुढें निसरडें आहे, पाऊल आडवें टाका," एवढेंच म्हणाली. बऱ्याच वेळानें तिनें विचारलें, "त्याचें नांव आठवतें?" मी म्हणालों, "आठवतें."

वर एका खडकावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. तेव्हां मी शाळामास्तराच्या सवयीनें तिची परीक्षा घेतली, व ती उत्तीर्ण झाली. हें रान बिबट्याचेंहि घर आहे, म्हणून वनखात्याच्या परवानगीवांचून व ठरलेल्या वेळेबाहेर आंत पाऊल टाकावयाचें नाहीं. दोराचें काम जाणत्या गिर्यारोहकाच्या हातींच असावें. साहसी उपक्रमांसाठीं राज्य सरकारनें २०२१ मध्यें धोरण ठरविलें आहे, त्यानुसार नोंदणी करावी. तुकडी सहा-आठांची, बरोबर प्रथमोपचार जाणणारा एक. कोणास भीति घालून चढवावयाचें नाहीं. 'नको' म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास. ज्याला औषधाची गरज आहे त्याचें औषध चालूच राहील व त्याच्या डॉक्टरांची संमति आधीं घेतली जाईल. "परदेशांत ह्याच नांवाखालीं मुलांना बळजबरीनें रानांत नेऊन त्यांचे हाल केल्याचीं उदाहरणें आहेत," ती म्हणाली, "रान स्वतः कोणाला बरें करीत नाहीं. तें फक्त बोलणें सोपें करतें."

पैशाची काळजी मिटली, असें मी म्हणणार नाहीं. पहिलीं दोन वर्षें ओढाताणीचीं जाणार, हें ती स्वतःच सांगते. परंतु घरांतील वडील माणसाचा विरोध हें एक ओझें तिच्या पाठीवरून उतरलें आहे. तुकडीच्या अगदीं मागें चालून कोणी एकटा पडत नाहीं ना, एवढें पाहणारा एक माणूस तिला हवा आहे. माझ्या मंद चालीस हें काम शोभण्यासारखें आहे. त्यासाठीं चांगल्या तळव्यांचे बूट घेतले.

आणखी एक केलें. त्या वर्गांतील दुसरा एक विद्यार्थी अजून मला दसऱ्यास सोनें देण्यास येतो. त्याला पत्र लिहून मी त्या मुलाचा ठावठिकाणा विचारला आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे.