कॅपचा काठ

कॅप बसवायला आलेले पेशंट बहुधा दोन गोष्टी विचारतात: झिर्कोनियाची घेऊ की मेटल-सिरॅमिकची, आणि वॉरंटी किती वर्षांची? मला वाटतं, पहिला प्रश्न असावा, ‘डॉक्टर, माझी दाढ शिल्लक किती आहे?’ कॅप उभी राहते ती खाली उरलेल्या दाताच्या आधारावर. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी धड दात लागतो. तेवढा नसला तर महागातली कॅपही टिकणं अवघड.

रूट कॅनालनंतर ठणका थांबतो आणि कॅप लांबणीवर पडते. दिवाळी होऊ दे, लग्न उरकू दे. पण किडीने पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. सुपारीचं एक खांड दाढ उभी चिरायला पुरतं. चीर मुळात उतरली, की बहुतेकदा दाढ काढावीच लागते.

माझा जीव अडकतो तो काठात, कॅप संपून दात सुरू होतो त्या रेषेत. माप घेण्याआधी हिरडीच्या कडेने बारीक दोरा बसवून ती जराशी बाजूला सारायची, रक्त आणि लाळ आवरायची, मगच माप. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्याला हा वेळ फार लांब वाटतो, हे मला कळतं. पण मापात काठ पुसट आला, तर लॅबमधला कारागीर अंदाजाने कॅप घडवणार, आणि राहिलेल्या फटीत अन्न साचणार. कॅपला कीड लागत नाही. काठाखालच्या दाताला लागते. रूट कॅनाल झालेली दाढ तर तेव्हा दुखून कळवतही नाही. म्हणून ब्रश हिरडीलगत फिरवा, दोन दातांमध्ये रोज फ्लॉस घाला.

कॅप उंच लागत असेल तर गप्प बसू नका. केसापेक्षा बारीक फरकही दातांना जाणवतो. भूल उतरल्यावर, घरी जेवताना जाणवला तरी परत या. घासून देणं पाच मिनिटांचं काम. झोपेत दात खात असाल तर तेही आधीच सांगा. त्यावरून कॅप कशाची करायची ते ठरतं, रात्री घालायचा गार्डही द्यावा लागतो.

हल्ली लग्न ठरलेली मुलंमुली समोरच्या निरोगी दातांना कॅप मागतात. त्यासाठी कोरलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. त्यांना मी ब्लीचिंग किंवा तारा सुचवते, आणि तरीही कॅपच हवी असेल तर आईवडिलांशी बोलून पुन्हा यायला सांगते.