खोऱ्याची वाट

नवी दिल्लीतील मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग लांबीने जेमतेम एक किलोमीटर भरेल. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. पहाटे रहदारी सुरू होण्यापूर्वी या परिसरातील रुंद व सपाट रस्त्यांवर सायकलस्वार दिसू लागतात. ज्या निकोलस कोपर्निकसचे नाव या रस्त्याला दिले आहे, तो १४७३ साली पोलंडमधील तोरुन या गावी, व्हिस्तुला नदीच्या काठी जन्मला. आपल्याला स्थिर वाटणारी पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे त्याने मांडले. त्याच्या नावाच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला मात्र जमिनीचा साधा उतारही जाणवत नाही. यमुना येथून तीन-चार किलोमीटरवर आहे. पण मध्ये इमारती, रस्ते आणि बांध आहेत. नदी कोणत्या बाजूला आहे, हे येथे नकाशा पाहूनच ठरवावे लागते.

ज्या प्रदेशाच्या नावाने ते सदन उभे आहे, त्या प्रदेशाच्या पश्चिम भागात याच्या उलट अनुभव येतो. तेथे सायकलवर बसताच नदी कोठे आहे ते आधी गुडघ्यांना कळते, मग डोळ्यांना.

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे अनेक डोंगरसोंडा निघतात. दोन सोंडांच्या मध्ये एक नदी आणि त्या नदीचे एक खोरे, अशी ही रचना आहे. या खोऱ्यांनाच मावळ म्हणतात. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ, मोसे खोरे, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, ही नावे शिवकाळाच्या इतिहासात वारंवार येतात. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा असे. मोसे खोऱ्यात पासलकर, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर. शेजारच्या खोऱ्यातील गाव पक्ष्याला दहा-बारा किलोमीटरवर असेल. माणसाला तेथे पोहोचण्यासाठी एक तर डोंगर ओलांडून खिंडीतून जावे लागते, नाही तर नदीबरोबर खाली उतरून दुसऱ्या नदीबरोबर पुन्हा वर चढावे लागते. सत्तेच्या सीमा येथे कागदावर आखलेल्या नव्हत्या. त्या डोंगरांनी आधीच आखून ठेवल्या होत्या. मोटारीने जाणाऱ्याला हे वाचून समजते. सायकलने जाणाऱ्याला खिंडीच्या तोंडाशी धाप लागते, आणि एका खोऱ्याचे दुसऱ्याशी नाते का तुटक होते, हे त्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

युरोपात नदीकाठाने सायकलप्रवास करण्याची मोठी परंपरा आहे. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत जाणारा, तीनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग प्रसिद्ध आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील बोडन सरोवराला सायकलने प्रदक्षिणा घालणारेही पुष्कळ असतात. तेथे नदी प्रवाशाला हळूहळू खाली घेऊन जाते. सह्याद्रीतील खोरे प्रवाशाचे असे लाड करीत नाही. पुण्याहून निघणारा सायकलस्वार प्रवाहाच्या विरुद्ध, उगमाकडे जातो. चढ सुरुवातीला इतका मंद असतो की तो दिसत नाही. फक्त वेग कमी होतो आणि सायकलमध्येच काही बिघाड झाला असावा असे वाटू लागते. पावसाळ्यात त्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो. दुपारनंतर परत फिरले की उतार आणि वारा दोन्ही पाठीशी असतात. म्हणून सकाळच्या थकव्यावरून दिवसाचा हिशोब मांडू नये, असे अनुभवी लोक सांगतात.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शिक्षक, विद्यार्थी, कारकून, कामगार, सारे सायकलवर. ज्यांच्याकडे स्वतःची सायकल नसे त्यांना ती तासाच्या भाड्याने मिळे. गावोगावी दूध पोहोचवणाऱ्या माणसाचे सारे जगणे तिच्या कॅरिअरवर तोललेले असे. आता शहरातील कामाची सायकल बरीचशी मागे पडली आणि सुटीच्या दिवसाची सायकल पुढे आली. या नव्या सायकलींना गिअर असतात, अंगावर खास कपडे असतात आणि कधी कधी सायकलची किंमत मोटारसायकलपेक्षाही जास्त असते. त्यात गैर काही नाही. परंतु खोऱ्यात फिरायला एवढा सरंजाम लागतोच, असा समजही खरा नव्हे. ब्रेक चांगले हवेत, कारण ओल्या उतारावर सायकल थांबायला नेहमीपेक्षा अधिक अंतर घेते. पंक्चर काढण्याचे साहित्य, एक जादा ट्यूब, हातपंप आणि दोन-चार पाने जवळ हवेत. सामान पाठीवर न घेता मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली बांधावे. आणि पाणी भरपूर घ्यावे. या शेवटच्या गोष्टीकडे पुन्हा वळावे लागेल.

पुण्याहून मुळशीकडे जाणारा रस्ता या सर्व वाटांमध्ये सर्वांत परिचित. चांदणी चौकाचा चढ संपला की भूगाव, भुकूम, मग पिरंगुट आणि पुढे पौड. येथपर्यंत आता शहरच माणसाबरोबर चालत येते. पौड मागे पडल्यावर डोंगर जवळ येतात, भातखाचरे दिसू लागतात, आणि काही वेळाने उजव्या हाताला झाडीच्या फटीतून पाणी चमकते. हा मुळशीचा जलाशय. येथून ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. पावसाळ्यात डोंगरकड्यांवरून पांढऱ्या धारा कोसळत असतात, ढग हँडलपर्यंत उतरतात, आणि पुढे गेलेला सोबती वीस हातांवरही दिसत नाही. या वाटेच्या सौंदर्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात येते. सरोवर सपाट, मग त्याच्या काठचा रस्ताही सपाट असावा, अशी नवख्या माणसाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो रस्ता एका सोंडेवर चढतो, ओढ्यात उतरतो, पुन्हा दुसऱ्या सोंडेवर चढतो. दिवसभरात एकही मोठा घाट न चढता मांड्या भरून येतात. याचे कारण साधे आहे. खोऱ्यातील सोपी वाट नेहमी तळातून, नदीच्या काठाने जाते. ती वाट पाण्याखाली आहे. तिच्या बरोबर तिने जोडलेली गावेही पाण्याखाली आहेत.

महाराष्ट्राच्या या भागात ज्यांना तलाव म्हटले जाते, त्यांपैकी बहुतेक सारे तलाव म्हणजे अडवलेल्या नद्या आहेत. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधण्याचे ठरवले, ते मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज मिळावी म्हणून. मुळेचे पाणी निसर्गतः पूर्वेला जाते. पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. मुळशीत अडवलेले पाणी मात्र सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून कोकणातील भिरा येथे खाली सोडले जाते, तेथे वीज तयार होते आणि ते पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. एका नदीची दिशाच बदलली गेली. त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांची भातशेती बुडणार होती.

मावळ्यांनी याला विरोध केला. १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रहाला आरंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासारखे कार्यकर्तेही त्यात होते. तीनेक वर्षे हा लढा चालला. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांनी संघटितपणे केलेल्या जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. तो यशस्वी झाला नाही. येथे एक कटू तपशील नोंदवला पाहिजे. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन कागदोपत्री पुण्यातील सावकारांच्या ताब्यात गेलेली होती. त्यांच्यापुढे प्रश्न नुकसानभरपाईच्या रकमेचा होता. जे ती जमीन कसत होते त्यांच्यापुढे प्रश्न जमिनीचाच होता. एकाच लढ्यात उभे असलेल्या या दोघांचे दुःख एक नव्हते. लढा कसा विरला, हे समजून घेण्यासाठी इतर कारणांबरोबर हेही कारण पाहावे लागते.

शंभर वर्षांनंतर त्याच काठाने सायकलस्वार जातो. वरच्या अंगाला सरकलेल्या वाड्या त्याला दिसतात. रस्त्याच्या कडेला फार्महाउसच्या जागा विकण्याच्या पाट्या दिसतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची खाचरे पाण्यात गेली, त्यांच्याकडे उरलेला डोंगरउतारही आता ‘सरोवराचे दर्शन’ घडवणारा म्हणून विकला जातो. तळी राखी तो पाणी चाखी, असे म्हणतात. येथे तळ्यासाठी ज्यांनी घर दिले त्यांच्या वाट्याला चाखण्यापुरतेही पाणी नीट आले नाही. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण अशा गावांनीच मराठीला दिली असावी. उन्हाळ्यात पाणी काठापासून खाली खाली सरकते, आणि हंडे घेऊन निघालेल्या बायकांची वाट तितकीच लांबत जाते. मोटारीच्या बंद काचेआडून हे क्षणभर दिसते. सायकलस्वाराच्या बाटलीतले पाणी संपलेले असते आणि ते त्याला कुणाच्या तरी दारात मागावे लागते. घरातली वृद्ध स्त्री ‘बस की बाबा’ म्हणते आणि तांब्या भरून आणते. ते पाणी किती लांबून आले आहे, हे विचारल्याशिवाय ती सांगत नाही. म्हणून पाणी भरपूर बरोबर न्यावे. आणि तरीही एखाद्या दारात थांबावे. फक्त पाण्यासाठी नव्हे.

दक्षिणेकडे खडकवासल्यावरून पानशेतला जाणारी वाट तुलनेने सौम्य आहे, आणि रविवारी तिच्यावर सायकलींपेक्षा मोटारींचीच गर्दी अधिक असते. आंबी नदीवरील हे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. त्या दिवसाची आठवण पुण्याने जपली आहे, लिहून ठेवली आहे. नवे धरण बांधले गेले. शेजारच्या मोसे नदीवर वरसगावचेही झाले. शहरात आलेला पूर एका दिवसाचा होता. खोऱ्यात भरलेले पाणी ओसरण्यासाठी भरलेले नसते, आणि त्याची आठवण जपायला तेथे पेठाही नव्हत्या, वर्तमानपत्रेही नव्हती.

आणखी दक्षिणेला भोर. येथून नीरा, वेळवंडी आणि गुंजवणी यांची खोरी सायकलने एकेक दिवसात पाहता येतात. रस्ते अरुंद, वाहने कमी, चहाची टपरी फार अंतराने. वेळवंडी नदीवरील भाटघरचे धरण इंग्रजी अमदानीत, १९२८ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या मळ्यांपर्यंत जाते. तिकडच्या उसाची हिरवी शेते ज्याने पाहिली आहेत, त्याने एकदा या पाण्याच्या शेपटाकडेही यावे.

त्यासाठी मे महिना योग्य. पावसाळ्यात जो निळसर विस्तार पाहून मन हरखते, तो मे महिन्यात आटलेला असतो. काठचा गाळ वाळून भेगाळलेला असतो आणि त्यात गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले असतात. याच दिवसांत कांबरे गावाजवळ जलाशयाच्या तळातून कांबरेश्वराचे जुने दगडी मंदिर वर येते. वर्षातील बहुतेक काळ ते पाण्याखाली असते. उन्हाळ्याच्या काही आठवड्यांपुरतीच त्याच्याकडे जाण्याची वाट मोकळी होते. रस्ता वरच्या अंगालाच थांबतो. तेथे सायकल झाडाला टेकवून ठेवावी लागते, कारण पुढच्या गाळात चाक रुतते. गावची माणसे त्या उतारावरून सरळ चालत जातात. चढ-उतार चुकवणारी, नदीच्या काठाने जाणारी सोपी वाट त्यांच्या पायांना ठाऊक असते. दर्शन घेतात, दगडावर साचलेला गाळ हाताने पुसतात, थोडा वेळ सावलीत बसतात. पहिला मोठा पाऊस झाला की पाणी पुन्हा चढू लागते; आधी पायऱ्या, मग दगडी भिंती, मग कळस.