अण्णांच्या खिशातील तिकिटे

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या सदऱ्याचे खिसे धुण्यापूर्वी कोण तपासते? आमच्या घरी ते काम माझ्याकडे आहे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खिशातून सहसा बडीशेपेची पुडी, बसचे तिकीट, गोळ्यांचे रिकामे पाकीट असे काहीबाही निघते; आणि पावसाळ्यात रेसची एकदोन तिकिटे.

अण्णा हिशेबखात्यात नोकरीला होते. एरवी पैन् पैचा विचार करणारा हा माणूस जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी पुण्याच्या कॅम्पातील रेसकोर्सवर जात असे. हिवाळ्यात घोडे महालक्ष्मीला धावतात, पावसाळ्यात पुण्याला. त्यामुळे अण्णांचा मोसम पावसाबरोबर येई आणि पावसाबरोबर जाई. एका दिवशी दोन तिकिटे, त्यापलीकडे नाही, हा नियम त्यांनी चाळीस वर्षे पाळला. आईला हा नाद कधीच आवडला नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला, तेव्हा अण्णांनी ते वर्तमानपत्र आईपुढे ठेवले होते. ‘‘मग पुढच्या रविवारी न्यायाधीशांनाच सोबत न्या,’’ एवढे बोलून ती पोळ्या लाटू लागली.

तिकीट तपासण्याची रीत मी शाळकरी वयात त्यांच्याकडूनच शिकले. निकाल त्यांना रेसकोर्सवर कळलेला असे. तरी सोमवारच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहिल्याखेरीज त्यांचे समाधान होत नसे. मी निकाल मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी तिकिटावर बोट ठेवायचे. आधी तारीख, मग शर्यत कितवी, मग घोड्याचा आकडा, शेवटी पैज कोणती. ‘विन’ असेल तर घोडा पहिलाच हवा; ‘प्लेस’ असेल तर पहिल्या काहींत आला तरी चालतो. रेसच्या पुस्तकात घोड्याचा क्रमांक वेगळा आणि शर्यत सुटताना तो ज्या फाटकात उभा राहतो त्याचा क्रमांक वेगळा. या दोहोंची गल्लत करून जिंकलेले तिकीट टाकून देणारी माणसे त्यांनी पाहिली होती.

आणखी एक गोष्ट ते पुनःपुन्हा सांगत. घोड्यांनी रेषा ओलांडली म्हणजे निकाल लागला असे नव्हे. जॉकींचे वजन पुन्हा होते; एखाद्याने दुसऱ्याची वाट अडवल्याची तक्रार आली तर तिची चौकशी होते आणि क्रम बदलूही शकतो. त्यानंतर ‘ऑल क्लिअर’ होते. त्याआधी रागाने तिकीट फाडणारे लोक मग गवतात वाकून तुकडे शोधत बसतात. त्या लोकांची नक्कल अण्णा फार सुरेख करीत.

तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले. उजवा हात थरथरू लागला, अक्षर मुंगीएवढे झाले. लेव्होडोपाची गोळी आधीपासून होती. नंतर प्रामिपेक्सोल नावाची दुसरी गोळी सुरू झाली आणि गेल्या जूनमध्ये तिची मात्रा वाढवली. हालचाल खरोखर सुधारली. ते पुन्हा एकटे रिक्षाने बाहेर जाऊ लागले, याचा आम्हा सर्वांना आनंदच झाला.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून सतरा तिकिटे निघाली.

मी ती घेऊन त्यांच्यासमोर बसले. जुन्या सवयीने म्हटले, ‘‘अण्णा, तपासायची ना?’’ त्यांनी तिकिटे झटकन माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, ‘‘माझी नाहीत. एकाने ठेवायला दिली आहेत.’’ आयुष्यात प्रथमच अण्णा माझ्याशी खोटे बोलले. रक्कम पाहून मला जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा या एका वाक्याने बसला.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तिकिटे सापडली : पंचांगात, चपलांच्या खोक्यात, देव्हाऱ्याच्या खणात. त्यांत पुण्याची थोडी होती. बाकीची हैदराबादच्या नि म्हैसूरच्या शर्यतींची, मधल्या वारांचीसुद्धा. बँकेत चौकशी केली तेव्हा एक मुदतठेव मोडल्याचे कळले. माझा भाऊ संतापला. ‘‘पाकीट काढून घे, बाहेर जाणे बंद कर,’’ असे त्याचे म्हणणे. म्हातारपणी माणसाचा तोल सुटतो, एवढाच अर्थ त्याने लावला. आणि खरे सांगायचे तर मीही काही दिवस तोच लावला होता.

एका रात्री मी सगळी तिकिटे तारखेप्रमाणे लावली. हिशेबनिसाची मुलगी आहे मी. वहीत एका बाजूला तारीख व रक्कम, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. जूनपर्यंत दोन तिकिटे, जुलैअखेर पाच, नंतर पाने भरू लागली. त्या वहीसह मी मेंदुविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पान उलटून पाहिले आणि मला दुसरेच काही विचारले : खरेदी वाढली आहे का? रात्री उठून गोड खातात का? मला चटकन आठवले, पेढ्यांचा डबा दोन दिवसांत संपत होता.

त्यांनी समजावले ते थोडक्यात असे. कंपवातात मेंदूतील डोपामिन कमी होते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे त्याचेच काम करतात. पण हालचालीबरोबरच आनंदाची नि बक्षिसाची ओढही याच द्रव्याशी निगडित आहे. त्यामुळे काही रुग्णांत जुगार, खरेदी, खाणे किंवा कामेच्छा अनावर होते. २०१० साली अमेरिका व कॅनडातील ३,०९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १३.६ टक्के रुग्णांत अशी एखादी तरी अनावर वर्तणूक आढळली, आणि ही औषधे घेणाऱ्यांत तिचे प्रमाण अधिक होते. रुग्ण हे लाजेने लपवतो, म्हणून घरच्यांनीच डॉक्टरांना सांगावे लागते.

आपल्या घरी असे काही दिसले तर गोळी स्वतः बंद करू नका. ती एकाएकी थांबवल्यास घबराट, नैराश्य, घाम, वेदना असे त्रास होऊ शकतात आणि कंपवातही उसळतो. आमच्या डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली. मधल्या काळात अण्णांच्याच संमतीने खात्यातून मोठी रक्कम काढण्यासाठी दोघांची सही लागेल अशी व्यवस्था केली. पाकीट मात्र त्यांच्याच खिशात राहू दिले. त्यावरून भावाशी वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही.

औषधाचा दोष आहे हे अण्णांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे ते मी नव्हतो?’’ याचे उत्तर मला देता आले नाही. मी म्हटले, ‘‘तिकिटे तपासायची राहिली आहेत, अण्णा.’’

दोन रविवार आम्ही तेच करीत बसलो. त्यांनी बोट ठेवायचे, मी वाचायचे. बोट थरथरून एका ओळीवरून दुसरीवर जाई, म्हणून तिकिटाखाली पट्टी धरली. जवळजवळ सगळी गेलेली. एका ‘प्लेस’च्या तिकिटावर थोडे पैसे निघत होते. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मुदतठेवीचे पैसे गेले ते गेलेच.

हात पूर्वीपेक्षा अधिक थरथरतो. कमी मात्रेची ती किंमत आहे. या मोसमात त्यांनी एकदाच सोबत नेण्यास सांगितले. मी नेले. एक तिकीट काढले, घोडा चौथा आला. मी उठू लागले, तर माझा हात धरून म्हणाले, ‘‘थांब. अजून ऑल क्लिअर झालेले नाही.’’