वीस रुपयांचा वडापाव आणि माझी उधारीची वही



पारण्याच्या पदार्थांबद्दल लिहीन असं मागच्या वेळी म्हटलं होतं. ते पुढच्या लेखात नक्की. आज मात्र वडापावाबद्दल लिहायचं आहे. चातुर्मासात, तेही पर्युषण तोंडावर आलेलं असताना वडापाव! काहीजणी हसाल. आमच्या घरात बटाटा येत नाही, मुलांनी फारच हट्ट केला तर मी कच्च्या केळ्याचे वडे करते, तेही दिवस मावळायच्या आत. तरीही या वडापावाने मला गेले काही दिवस झोपू दिलेलं नाही.

झालं असं. मागच्या रविवारी महाडला उपाश्रयात व्याख्यान संपलं आणि आम्ही सात-आठ जणी चपला शोधत बाहेर उभ्या होतो. बायका उभ्या राहिल्या की महागाईचा विषय निघतोच. एकीचा मुलगा कॉलेजला जातो. ती म्हणाली, "पंधराचा वडापाव वीसला झाला. दोन खाल्ले की चाळीस रुपये गेले." दुसरी म्हणाली, "होणारच! कामाला माणसं मिळतात कुठे? चारशेच्या खाली कोणी उभं राहत नाही." तिसरीची मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिने तिथली गोष्ट सांगितली. १ एप्रिल २०२४ पासून तिथल्या मोठ्या फास्ट फूड साखळ्यांत काम करणाऱ्याला तासाला किमान २० डॉलर द्यावे लागतात, आणि बर्गर महाग झाला की लोक त्या कायद्याकडेच बोट दाखवतात. "म्हणजे बघा, तिकडेही तेच!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मी. वर म्हटलंसुद्धा, "मजुरीनेच सगळं महाग करून ठेवलंय."

नातेखिंडीतून गाडी आमच्या रस्त्याला लागली तेव्हा मला आठवलं, ज्या वडापावाबद्दल मी एवढं ठासून बोलले, त्याचा अर्धा हिशेब तर माझ्याच वहीत आहे.

तुम्हाला माहीत आहे, नाते गावात आमचं किराणा दुकान आहे. महाडहून रायगडाकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. त्या रस्त्यावर एका ताईंची वड्यांची टपरी आहे. ताई, त्यांचे यजमान आणि मदतीला एक बाई. गडावर जाणारे लोक, शाळेची मुलं, एसटीची वाट बघणारे, सगळे तिथे थांबतात. तेल, बेसन, मीठ, हळद त्या आमच्याकडून उधारीवर नेतात आणि दर शनिवारी हिशेब होतो. वही मी लिहिते. बटाटा, कांदा, लसूण आम्ही दुकानात ठेवत नाही, तो सासऱ्यांपासूनचा नियम. त्यामुळे तो हिशेब मात्र ताईंनाच विचारावा लागला.

सोमवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना गेले. ताई म्हणाल्या, "भाभी, तुम्ही कधी टपरीवर येत नाही, आज काय?" मी सांगितलं, वीस रुपये कसे झाले ते समजून घ्यायचंय. त्या हसल्या आणि बाकडं पुसून दिलं. मग आम्ही दोघींनी मिळून २०२४ च्या उन्हाळ्यातला हिशेब आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर भाव वाढवला तेव्हाचा हिशेब शेजारी-शेजारी मांडला. रोजचे दोनशे वडे धरले.

दोनशे वड्यांमागे खर्च ५६० रुपयांनी वाढला होता. बटाट्याचे १५०, पावाचे १००, तेलाचे ९०, लसूण-मिरची-मसाल्याचे ७०, बेसनाचे ६०, जागेच्या भाड्याचे ३०, गॅसचे १०. आणि मदतीच्या बाईची मजुरी साडेतीनशेची चारशे झाली होती, म्हणजे ५०. लसूण त्या हिवाळ्यात किलोला चारशेच्या वर गेला होता. आपण खात नाही म्हणून आपल्याला त्याची झळही कळली नाही!

मी बेरीज दोनदा केली. पाचशे साठमध्ये मजुरी पन्नास. एका वड्यामागे खर्च वाढला २ रुपये ८० पैसे, त्यात मजुरीचे २५ पैसे. ज्या पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा आता चालत नाही, त्यावर मी उपाश्रयाच्या दारात सगळ्या महागाईचं खापर फोडून आले होते.

कोणी म्हणेल, पाव भाजणाराही मजुरी घेतो, बटाट्याचा ट्रक चालवणाराही घेतो. खरं आहे. पण त्यांची मजुरी त्या सहा महिन्यांत दीडपट झाली नव्हती. बटाट्याचा भाव मात्र दीडपटीहून वर गेला होता.

मग मी विचारलं, "खर्च पावणेतीन रुपयांनी वाढला, तर भाव पाचने का?" ताई म्हणाल्या, "अठरा केला असता तर सुटे दोन रुपये कुठून आणू? सगळे काही मोबाइलवरून पैसे देत नाहीत. पंधरानंतर वीसच." आणि वीस केल्यावर गिऱ्हाईक तुटलं. दोनशेचे एकशे सत्तर झाले. आधी सगळा खर्च जाऊन दिवसाला आठशेच्या आसपास उरायचे, आता साडेनऊशे. पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत राबणारी दोन माणसं. माणशी पावणेपाचशे. त्यांची तरी ती मजुरीच ना!

"वडा थोडा लहान करून पंधरालाच विकायचा होतात," मी म्हटलं. ताई पटकन म्हणाल्या, "नाही भाभी. गिऱ्हाईक रोजचं आहे, त्याच्या हाताला कळतं." तिसऱ्या व्रताच्या अतिचारात खोटं तोलमाप येतं, ते आपण दर प्रतिक्रमणात म्हणतो. ताईंनी प्रतिक्रमण कधी ऐकलंही नसेल.

इथवर लिहून थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण तेलाच्या त्या नव्वद रुपयांपाशी माझं बोट अडकलं, कारण ते तेल आमचं होतं.

आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. १४ सप्टेंबर २०२४ पासून सरकारने आयात कर वाढवला. कच्च्या तेलावर सगळं धरून साडेपाच टक्के होता, तो साडेसत्तावीस झाला. रिफाइंडवर पावणेचौदाचा पावणेछत्तीस. सोयाबीनला भाव मिळत नव्हता, शेतकऱ्याला आधार मिळावा हा हेतू होता. त्यात मी चूक काढणार नाही, शेतकऱ्यालाही घर आहे. पण लगेच चार दिवसांत सरकारने तेल कंपन्यांच्या संघटनांना बोलावून सांगितलं होतं, की जुन्या करात आलेलं सुमारे ३० लाख टन तेल देशात पडून आहे, ते ४५ ते ५० दिवस पुरेल, तोवर भाव वाढवू नका.

त्या दिवशी आमच्या दुकानात जुन्या भावाने घेतलेले अठरा डबे होते. बातमी शुक्रवारी रात्री आली. शनिवारी सकाळी आम्ही डब्यामागे अडीचशे रुपये वाढवले. बाजारात सगळ्यांनी वाढवले, म्हणून आम्हीही. डब्यावर छापलेली किंमत जास्तच असते आणि आम्ही तिच्या खालीच विकतो, त्यामुळे कायद्याने कोणी बोट दाखवणार नाही. "पुढचा माल महागच भरावा लागणार," असं आमच्या ह्यांचं म्हणणं, आणि धंद्यात ते खोटंही नाही. पण अठरा गुणिले अडीचशे म्हणजे साडेचार हजार. तेलात काही बदललं नव्हतं, आम्ही काही जास्तीचं काम केलं नव्हतं. त्यातले दोन डबे ताईंच्या कढईत गेले. आणि त्या वर्षी संवत्सरी होती ७ सप्टेंबरला. सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणून जेमतेम आठवडा झाला होता.

आता खरं सांगायचं ते.

आमच्याकडे एक मावशी येतात. धान्य निवडणं, गोदाम झाडणं, घरची भांडी. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हाही त्याच होत्या. २०२४ च्या दिवाळीत त्यांनी महिन्याला पाचशे रुपये वाढवून मागितले. मी म्हटलं, "मावशी, थोडं थांबा, महागाई किती वाढलीय बघताय ना." त्या "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा बोलल्या नाहीत. महागाई मी त्यांनाच सांगत होते! ज्या आमच्याच दुकानातून वाढलेल्या भावाने पाव किलो तेल सुटं नेत होत्या. वहीतल्या त्या साडेचार हजारांत त्यांची नऊ महिन्यांची वाढ बसत होती.

लोक म्हणतात मजुरी फार वाढली. सरकारचा रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर बघा. २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ३१२ झाला. वर्षभरात वाढ पंधरा रुपये. म्हणजे दिवसभर उन्हात माती उचलणाऱ्याला जी वाढ मिळाली, त्यात आता एक वडापावसुद्धा येत नाही.

पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपण सगळ्यांनी पाठ केलेत. वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. दिगंबर भगिनी शेवटच्याला अन्नपाननिरोध म्हणतात. लहानपणी मला शिकवलं होतं ते गाईबैलांच्या संदर्भात. झेपणार नाही एवढं ओझं लादू नये, दावणीला बांधलेल्या जनावराचं दाणापाणी तोडू नये. नोकरचाकरही त्यात येतात हे तेव्हाही सांगितलं होतं, पण मी मनात कायम बैलच धरला. कारण आमच्याकडे बैल नाही, म्हणून तो दोष आपल्याला लागत नाही, असं सोयीचं वाटायचं. मुंगी चिरडू नये म्हणून मी अंगण पुंजून घेते, पाणी गाळते, बटाट्यातल्या अनंत जीवांची काळजी करते. आणि रोज समोर उभ्या असलेल्या माणसाचं ताट दहा महिने थोडं रिकामं राहिलं, ते मला दिसलं नाही.

भाव वाढतात त्याला कारणं असतात. पाऊस, युद्ध, कर, इंडोनेशियाचं धोरण. त्यातलं आपल्या हातात काही नाही. पण वाढले की ते उतरत नाहीत, हेही मी वहीतच बघितलं. २०२२ च्या मे महिन्यात १९ किलोचा धंद्याचा सिलिंडर दिल्लीत २,३५५ रुपयांवर गेला होता, नंतर तो बराच खाली आला, पण त्या वेळी चढलेला कुठलाही पदार्थ खाली आलेला मला आठवत नाही. २०२५ च्या मेअखेर सरकारने कच्च्या तेलावरचा मूळ कर २० टक्क्यांवरून १० वर आणला. चढताना आम्ही एका रात्रीत चढलो होतो. उतरताना मात्र "महागाचा माल आधी संपू दे" म्हणून तीन आठवडे घेतले. या सगळ्यात ज्याला आपण सहज "नंतर बघू" म्हणू शकतो, तो फक्त कामाचा माणूस. म्हणून दोषही त्याच्यावर टाकायला सोपा.

त्या रात्री मी वही ह्यांच्यासमोर ठेवली. आधी ते म्हणाले, "मागचं कोण देतं?" मग बराच वेळ पान बघत बसले. शेवटी ठरलं, मावशींना या महिन्यापासून पाचशे वाढवायचे आणि दिवाळीपासूनची बाकी तीन हप्त्यांत द्यायची. ताईंच्या वहीत दोन डब्यांचे पाचशे जमा लिहिले. बाकीच्या सोळा डब्यांचं तेल कोणाच्या घरी गेलं ते आता सापडणार नाही. ते माझ्याकडेच राहिलं.

दान केलं असं मला अजिबात वाटलं नाही, आणि तुम्हीही तसं समजू नका. पहिला हप्ता हातात दिला तेव्हा मावशींनी नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि थोडं थांबून विचारलं, "भाभी, तेल उतरलं म्हणतात, ते खरं का?"

मी सुट्या तेलाचा भाव त्यांच्यासमोर खडूने पुसून नवा लिहिला.

पर्युषणात आपण सगळ्यांना क्षमा मागतो, दूरच्या नातेवाइकांना मोबाइलवर मेसेज पाठवतो. यंदा त्याआधी एकदा घरातली वही काढून बघा. काम करणाऱ्या बाईंचा पगार शेवटचा कधी वाढवला, ती तारीख सापडते का ते पाहा. मला सापडायला बराच वेळ लागला.

त्या रविवारी उपाश्रयाच्या दारात जे बोलले, त्याबद्दल तिथे नसलेल्या सगळ्यांना, मिच्छामि दुक्कडम्.