लाल सवत

मैत्रिणींनो, सवतीविषयी लिहायला बसलेय म्हणून दचकू नका. माझी सवत चार चाकांची आहे, रंगानं लालभडक आणि जन्मानं जपानी. १९९१ सालची माझदा एमएक्स-५. दोनच माणसं कशीबशी बसतील एवढी जागा, वर कापडी टप, आणि पुढचे दिवे असे की बटण दाबलं की बॉनेटमधून टुणकन वर येतात, पुन्हा दाबलं की पापण्या मिटल्यासारखे आत जातात. आमच्या ह्यांनी ती २०१४ साली घरी आणली. निवृत्त होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मला विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही राहतो इंग्लंडात, कॉव्हेंट्री गावात. माझं माहेर मिरजेचं, हे कोल्हापूरचे. सासऱ्यांचा उद्यमनगरात लेथचा छोटासा कारखाना होता, त्यामुळे ह्यांचं लहानपण लोखंडाच्या किसात खेळण्यात गेलं. नोकरी मात्र जन्मभर टेबलावरची. "तीस वर्षांत हाताला काळं लागलं नाही बघ," असं हे कधीतरी म्हणायचे. मी मनात म्हणायची, बरं झालं, शर्ट धुवायला मीच आहे.

गाडीला सोळाशे पौंड गेले आणि ते मी नव्या ओट्यासाठी बाजूला टाकलेल्या पैशातले होते. तीन दिवस मी अबोला धरला. चौथ्या दिवशी अट घातली. गाडी ठेवायची तर ठेवा, पण दुरुस्तीवाल्याला एक पेनी द्यायची नाही. जे काय करायचं ते आपल्या दारात, आपल्या हातांनी. मला वाटलं, महिन्याभरात कंटाळतील. हे तर असे खूश झाले, जणू मीच गाडी भेट दिली!

शेजारचे आजोबाही त्यांना सामील. आमच्या गावात एकेकाळी ट्रायम्फच्या उघड्या स्पोर्ट्‌स गाड्या तयार होत. आजोबा पोरवयात कॅनलेच्या त्या कारखान्यात लागले, आणि १९८० साली तिथली मोटारींची जोडणी बंद पडली. ते म्हणायचे, आमच्या गाड्यांत वरून पाऊस गळायचा आणि खालून तेल. जपान्यांनी तीच गाडी बनवली, फक्त गळती काढून टाकली! १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांनी पाहिली आणि २०१६ पर्यंत तिच्या वंशातल्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. दोन माणसांच्या स्पोर्ट्‌स गाडीत एवढा खप दुसऱ्या कुणाचा नाही म्हणे. हे सगळं मला जेवताना ऐकवलं जायचं. आमटीत मीठ कमी पडलंय हे मात्र कुणाच्या लक्षात यायचं नाही.

यांच्या मनात काय काय होतं म्हणून सांगू! इंजिनाला टर्बो लावायचा, स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीला टेकवायची, रुंद चाकं घालायची. मी विम्याचे कागद पुढे ठेवले. इकडे गाडीत काही बदल केला की विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि हप्ता वाढू शकतो. शिवाय आमच्या गल्लीत चार गतिरोधक. टेकलेली गाडी त्यावरून काय उचलून न्यायची? हे रुसले, पण टर्बो गेला तो गेलाच.

माझा हात गाडीला पहिल्यांदा लागला तो २०१५ मध्ये, ऑइल बदलताना. या गाडीचा ऑइल फिल्टर इंजिनाच्या कुशीत, हवा आत घेणाऱ्या नळ्यांच्या खाली दडलेला असतो. दिसत नाही, चाचपूनच शोधायचा. ह्यांचा पंजा मोठा, तो काही केल्या जाईना. "अगं, जरा हात घालतेस का?" मी पदर खोचून पुढे झाले, तर म्हणाले, "आधी पाटल्या काढ."

खरं सांगते, मला राग आला. सवाष्ण बाईला असं सांगतात का? मग त्यांनी डिकी उघडून दाखवली. या गाडीची बॅटरी मागे डिकीत असते. तिच्या दोन टोकांना सोनं एकदम टेकलं तर क्षणात लाल होऊन मनगट भाजेल, म्हणाले. काचेच्या बांगड्यांतून वीज जात नाही, त्या राहू देत. राहू दिल्या, आणि फिल्टर काढता काढता दोन फुटल्या. तेव्हापासून मी गाडीला हात लावायच्या आधी सगळंच उतरवून खिडकीत ठेवते. बॅटरी सोडवायची असेल तर पहिल्यांदा वजा खुणेची तार काढायची आणि जोडताना तीच शेवटी लावायची, हेही तेव्हाच शिकले.

ऑइल बदलणं ऐकायला जड, करायला सोपं. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून तेल कोमट करायचं, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट उतरतं. गाडी जॅकनं उचलली की तिच्याखाली लोखंडी घोड्या लावायच्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही, तुमचा मुलगा कितीही "दोन मिनिटांचं काम" म्हणाला तरी. खालचा बोल्ट काढून तेल परातीत घ्यायचं. (ही परात वेगळी ठेवा. मी एकदा चुकले आणि कणीक मळायची परात कायमची गाडीला गेली.) नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला नव्या तेलाचं बोट फिरवायचं आणि तो हातानंच आवळायचा, पान्हा लावायचा नाही. जुन्या फिल्टरचं कडं निघून आलंय ना, हे बघायचंच. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं, की सगळं तेल रस्त्यावर. साडेतीन लिटरच्या आसपास नवं तेल लागतं. जुनं तेल डब्यात भरून नगरपालिकेच्या केंद्रावर द्यायचं. ते मोरीत ओतू नका, बाई.

तेल जुनं झालं की या गाडीचं इंजिन सकाळी सकाळी टकटक करतं. झडपांना हात देणारे लहानसे तुकडे तेलाच्या दाबावर चालतात, तो दाब वेळेवर पोचला नाही की आवाज येतो. अगदी माझ्या शिवणयंत्रासारखा! नवं तेल घातलं आणि तो आवाज थांबला, त्या दिवशी ह्यांनी एका वहीत तारीख, मैल आणि "सौ.नी फिल्टर काढला" असं लिहिलं. ठसठशीत, गोल अक्षर. कोल्हापूरच्या शाळेतलं.

ती वही पुढे महत्त्वाची ठरली.

२०१८ च्या सुरुवातीला कधीतरी मी वही चाळत होते. शेवटच्या तीन-चार नोंदी वाचायला मला चष्मा लागला. अक्षर बारीक होत गेलं होतं. ओळ सुरू व्हायची बऱ्यापैकी, आणि शेवटाला मुंगीएवढी. मी म्हटलं, कागद वाचवताय की काय? हे हसले. त्याच वर्षी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला, आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. अक्षर लहान होणं हे त्याचं एक लवकर दिसणारं लक्षण असतं, हे तेव्हा कळलं. माझ्या डोळ्यांसमोर वहीत लिहिलेलं होतं, मला वाचता आलं नाही.

इथल्या नियमाप्रमाणे हा आजार परवाना खात्याला कळवावा लागतो आणि विमा कंपनीलाही. कळवलं. परवाना थोड्या वर्षांच्या मुदतीनं मिळाला. गोळ्यांनी बरं वाटत होतं, गाडी चालत होती, आणि घरात या विषयावर कुणी बोलत नव्हतं.

मग २०१९ चा तो रविवार. आदल्या दिवशी ह्यांनी ब्रेक बघण्यासाठी चाकं काढून पुन्हा बसवली होती. मी पोळ्या करत होते, बाहेर आले नाही. केनिलवर्थच्या रस्त्याला टप उघडून आम्ही निघालो, आणि तीन-चार मैलांवर मागून ठक ठक आवाज यायला लागला. मी म्हटलं, थांबा. हे म्हणाले, खडा अडकला असेल. मी म्हटलं, थांबा म्हणते ना! उतरून पाहिलं, तर मागच्या डाव्या चाकाच्या चार नटांपैकी तीन मी बोटांनी फिरवले. बोटांनी, हो.

हे रस्त्याच्या कडेला गवतावर बसले. "मी आवळले होते," म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "मला वाटलं, आवळले." डिकीतला पान्हा मी काढला. आयुष्यात पहिल्यांदा चाकाचे नट आवळले, पाय देऊन आवळले, आणि पंचवीसच्या वेगानं घरी आलो. त्या संध्याकाळी मी ओरडले, नको नको ते बोलले. विकून टाका, म्हटलं. मुलांना कळलं तर काय म्हणतील, म्हटलं. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा त्यांचा टॉर्क पान्हा घेऊन आले. बातमी कशी गेली देव जाणे. हा पान्हा हुशार असतो. किती जोरानं आवळायचं ते त्याच्या दांड्यावर ठरवून ठेवायचं, तेवढा जोर झाला की तो खट् करतो. हाताच्या अंदाजाचा प्रश्नच नाही. नट आधी बोटांनी चढवायचे, मग समोरासमोरचे एकाआड एक आवळायचे, गाडी जमिनीवर टेकल्यावर पान्ह्यानं खट्, आणि पन्नासेक मैलांनंतर पुन्हा एकदा तपासायचे. तुमच्या घरच्या गाडीचं चाक बदललं गेलं तरी हे करा, किंवा समोर उभं राहून करून घ्या.

तेव्हापासून आमच्या दारात असं दृश्य असतं. हे स्टुलावर, मी चटईवर. ते सांगतात, मी करते. सुरुवातीला फार भांडणं झाली. "घट्ट म्हणजे किती घट्ट? लोणच्याच्या बरणीएवढं?" असं विचारलं की ते चिडायचे. मग त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकायला सुरुवात केली. बोल्ट आट्यात नीट बसला की नाही हे त्यांना आवाजावरून कळतं. "काढ. तिरका जातोय. उलटा फिरव, टक् झालं की सुलटा." सासरे त्यांना असंच शिकवायचे म्हणे, आणि चुकलं की हातावर फटका द्यायचे. "मला फटका दिलात तर जेवण नाही," मी सांगून ठेवलंय.

काही कामं तर मीच त्यांना शिकवली. टपावरचं पावसाचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली जातं. नळ्या पानांनी, मातीनं तुंबल्या की पाणी गालिच्यात मुरतं आणि दारांखालचा पत्रा आतून सडतो. या गाड्या इंजिनानं नाही, गंजानं मरतात. ह्यांनी तिथे तार घातली होती! तारेनं आतली नळी फाटते हो. मी कपडे वाळत घालायच्या प्लॅस्टिकच्या दोरीचा तुकडा घातला, हळूहळू फिरवला, वरून तांब्यानं कोमट पाणी ओतलं. गाडीखाली धार पडल्याचा आवाज आला तेव्हा ह्यांनी टाळी वाजवली. टपाची मागची खिडकीही प्लॅस्टिकची आहे. टप पाडण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट करायची, नाहीतर घडीवर तडकते. काच पुसायच्या औषधानं ती धुरकट होते, म्हणून साबणाचं पाणी आणि जुनं सुती लुगडं.

२०२२ मध्ये ह्यांनी किल्ली आपण होऊन माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मुदतही संपली नव्हती. चहा पिता पिता दिली आणि वर्तमानपत्र उघडलं.

आता पंचाईत अशी की मी पाच फुटांची. त्या सीटवर बसले की मला फक्त आभाळ दिसायचं. उंच लोक या सीटमधला स्पंज कापून काढतात, आम्ही उलटं केलं. चार बोल्ट काढून सीट बाहेर घेतली (उशीत स्पीकर असतात, त्यांच्या तारा आधी सोडवायच्या), कव्हराच्या लोखंडी कड्या पक्कडीनं उलगडल्या, बुडाला आणि पाठीला घट्ट स्पंजाचे तुकडे बसवले आणि कव्हराला शिवणयंत्रावर दोन बोटांची पट्टी जोडली. सीटचे बोल्ट अर्थातच टॉर्क पान्ह्यानं. नव्या गाड्यांच्या सीटमध्ये एअरबॅगच्या तारा असतात, तिथे मात्र हा उद्योग करू नका. टर्बोचा हट्ट धरणाऱ्या ह्यांच्या गाडीत झालेला एवढाच बदल, आणि तोही माझ्यासाठी. विमा कंपनीला तोही कळवला. फोनवरची मुलगी म्हणाली, उशी? मी म्हटलं, हो, उशी.

वही आता मी लिहिते. गेल्या तपासणीत दाराखालचा पत्रा थोडा गंजल्याचा शेरा मिळाला, तो घासून रंगवायचाय. इकडे गाडीला चाळीस वर्षं झाली आणि तिच्यात मोठे फेरबदल केलेले नसले, की दरवर्षीची तपासणी माफ होते. हे परवा बोटांवर मोजत बसले होते. "२०३१," म्हणाले. "तोवर चालेल ना गं?"

कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हटलं, स्टूल घेऊन बाहेर चला, पत्रा घासायचाय, ऊन आहे तोवर. ओटा अजून तोच आहे.