पाळीवरचा उतार

नवेगावबांधहून अर्जुनी मोरगावकडे निघालो की दोहो बाजूंना धानाच्या बांध्या आणि मधून मधून तलाव, बोड्या. १९९९ साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण पाळीवरून जाणारी गाडीवाट दोन्हीकडे सारखीच अरुंद.

गेल्या दिवाळीनंतर अशाच एका पाळीवर मी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालवायला शिकलो. शेती खात्यात तीस वर्षे काढली, पण धानाने भरलेल्या दोन ट्रॉल्या कधी ओढल्या नव्हत्या. शिकवणारा गावचाच पंचविशीतला ड्रायव्हर.

निघण्यापूर्वी त्याने ट्रॉलीच्या दांडीवर बसलेली दोन पोरे खाली उतरवली. मला ते उगाच वाटले.

पाळीवरून उतरताना सवयीने मी क्लच दाबला. तो ओरडला, "साहेब, क्लच सोडा जी! ट्राल्या ढकलतेत!" ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. क्लच दाबताच इंजिनाचा अटकाव सुटला आणि मागचे वजन ट्रॅक्टरला रेटू लागले. क्लच सोडला तेव्हा कुठे गाडी आवरली.

शेतकरी बंधूंनो, उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, मध्येच बदलू नका. वळण मोठे घ्या. मागची ट्रॉली आतून कापत येते. दोन ट्रॉल्या मागे घेणे फार अवघड, म्हणून वळायला जागा पाहूनच आत शिरा. रात्री निघायचे तर मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

खाली पोहोचल्यावर मागे पाहिले. ती दोन पोरे पाळीवरून पायी, हसत येत होती.