काचबिंदूची महिनेवारी

विंचूर हा लासलगाव बाजार समितीचा उपबाजार. इथल्या बऱ्याच घरांचा हिशेब कांद्यावर चालतो. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा, भाव बघून काढायचा आणि पट्टी हातात पडली की तुंबलेली देणी भागवायची. पैसा येतो तो असा, एकदम. काचबिंदूचा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला येतो, आणि तो जन्मभराचा असतो.

मोतीबिंदूचं तसं नाही. एकदा शस्त्रक्रिया झाली, भिंग बसलं, की आजी नातवाचा चेहरा ओळखते आणि घराला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. काचबिंदूत दृष्टीची नस झिजते, बहुतेकांत डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे. गेलेली नजर कुठल्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली राखायची, एवढंच हाती असतं. म्हणजे वर्षानुवर्षं पैसे घालून पेशंटला काहीच वेगळं दिसत नाही, आणि हीच उपचार लागू पडल्याची खूण! अशा औषधावर खर्च करायला माणूस कचरला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना नाही.

विंचूरजवळच्या वस्तीवरचा एखादा साठीचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. निदान पक्कं करायला दाब मोजावा लागतो, डोळ्यातला कोन बघावा लागतो, नजरेचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट आणि नसेचा ओसीटी स्कॅन लागतो. हे सगळं एका ठिकाणी हवं तर नाशिक गाठायचं, पन्नासहून जास्त किलोमीटर. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, मोटारसायकल चालवता येत नाही. म्हणून मुलगा सोबत. दोघांचं भाडं, दोघांचा बुडालेला दिवस, आणि द्राक्षाची तोडणी चालू असेल तर त्या दिवसाची किंमत आणखी वेगळी. यातलं काहीही दवाखान्याच्या पावतीवर छापलेलं नसतं. शिवाय तपासणी एकदा करून भागत नाही. आजार पुढे सरकतोय का, हे जुन्या फील्डशी नवं ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग बाटली. टिमोलॉल जुनं आणि स्वस्त, पण दमेकऱ्याला चालत नाही. लॅटानोप्रोस्ट रात्री एकदाच घालायचं, म्हणून सोयीचं; ब्रँडप्रमाणे त्याला काही शे रुपये पडतात. त्याच्या बऱ्याच बाटल्या उघडेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ऐंशी थेंब बसतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक, म्हणजे महिन्याला साठ. हिशेब जमतो, पण हात थरथरत नसेल तरच. रोज एक थेंब गालावर, एक पापणीवर गेला की बाटली विसाव्या दिवशीच संपते. उताणं झोपून, खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून धरायचा, ही साधी रीत शिकवायला कुणाला वेळ नसतो. चिठ्ठी लिहायला मात्र असतो.

७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. ती बंदी उठली मे २०२४ मध्ये. भाव पडलेल्या अशा काळात खत, मजुरी, सोसायटीचा हप्ता यांच्या रांगेत न दुखणाऱ्या डोळ्याचं औषध शेवटी उभं राहतं. दोन महिने थेंब चुकले तरी पेशंटला काही जाणवत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

सरकारचं लक्ष नाही असं नाही, पण ते वेगळीकडे आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ चा. त्याचा भर वर्षानुवर्षं मोतीबिंदूवर राहिला. राज्यात २०१२ साली सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा आणि भरती करून केलेल्या उपचारांचा भार उचलते. मेडिकलमधून दर महिन्याला घ्यायच्या बाटलीचा नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, तरी लिहून दिलेली नेमकी बाटली तिथल्या साठ्यात असावी लागते. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत लॅटानोप्रोस्ट आलं, हे चांगलंच झालं. जनऔषधी केंद्रात जेनेरिक थेंब मिळतात का, हे पेशंटने न लाजता विचारावं; डॉक्टरांनीही ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहावं.

माझा कल लेझरकडे आहे. एसएलटी नावाचं लेझर काही मिनिटांत होतं, टाका पडत नाही. टांझानियातल्या किलिमांजारो भागात ते टिमोलॉलशी ताडून पाहिलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर लेझर केलेल्या सुमारे ६१ टक्के डोळ्यांत उपचार यशस्वी ठरला, थेंब घातलेल्यांत ३१ टक्के. लेझरचा परिणाम कायमचा नसतो, आणि बंद कोनाच्या काचबिंदूला ते लागू नाही. पण खुल्या कोनाच्या पेशंटला पहिल्याच भेटीत हा पर्याय खर्चासकट समजावून सांगायला हवा. कांद्याची पट्टी झाल्यावर एकरकमी देणं या माणसाला जमतं, महिनेवारी जमत नाही.

आणखी एक. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. इंग्लंडमध्ये आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला तो असेल, तर चाळिशीनंतर सरकारी खर्चाने डोळे तपासून मिळतात. आपल्याकडे तशी सोय नाही. तरी वडिलांना घेऊन नाशिकला आलेल्या मुलाने आपल्याही डोळ्याचा दाब त्याच फेरीत मोजून घ्यावा आणि नस दाखवावी. त्यासाठी वेगळं भाडं पडत नाही.